रेषेच्या पलीकडे उभे असलेले बाबा

ट्रॅकवरच्या सायकलला ब्रेक नसतो. आपण किती वेगात चाललोय हे दाखवणारं काही सायकलवर लावायलाही शर्यतीत परवानगी नसते. म्हणून माझे बाबा हातात स्टॉपवॉच घेऊन रेषेजवळ उभे राहायचे. मी ठरवलेल्या वेळेत असले तर ते बरोबर रेषेवर असायचे. मागे पडले तर अलीकडे, आणि पुढे असले तर थोडे पलीकडे. ओरडणं त्यांना आवडायचं नाही. दर फेरीला मी खाली वाकून फक्त त्यांचे बूट शोधायचे.

बाबा एकेकाळचे सायकल शर्यतीतले राष्ट्रीय विजेते. सांगलीकडच्या आमच्या गावात त्यांच्यासाठी कमान उभारली होती, असं आई सांगते. दहावीनंतर ते शिकले नाहीत. नोकरी मिळाली ती सायकलमुळेच. दोन हजार सालानंतर इथल्या, इंग्लंडमधल्या हॉस्पिटलांना परदेशातून नर्स हव्या होत्या. आईला लीड्समध्ये काम मिळालं आणि आम्ही दोघं तिच्या मागून आलो. बाबा पार्सलच्या गोदामात लागले. तिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. मग शहराबाहेरच्या सिमेंटच्या उघड्या ट्रॅकवर ते मुलांना शिकवायला लागले, आणि मला वाटतं, तेव्हा कुठे ते इंग्लंडमध्ये आले. त्यांचं इंग्रजी तोडकंमोडकं होतं, पण बाबांनी सीट धरून उभं केलं की घाबरट पोरसुद्धा वळणावरच्या तिरक्या चढावर सायकल घालायचं.

मी युनिव्हर्सिटीत गेले त्या वर्षी त्यांची शुगर बरीच वाढली होती.

"अहो, डोळे दाखवून या," आई जेवताना म्हणायची. "मीठ कमी-जास्त झालेलं चाखून कळतं. डोळ्यांचं तसं नसतं. मी वॉर्डात रोज बघते."

"घरात एक नर्स आहे तेवढं पुरे की. पेशंट कशाला?" बाबा म्हणायचे. आम्ही हसायचो. मीसुद्धा.

त्या उन्हाळ्यात विभागाची स्पर्धा होती. सकाळी बाबांनीच मोटरवेवरून गाडी चालवत मला तिथे नेलं. पात्रता फेरीत चांगली वेळ दिली तर मला फायनल मिळणार होती. वारा फार होता. पहिल्या काही फेऱ्या बाबा रेषेवर होते. मग ते पलीकडे सरकले. पुढच्या फेरीला अजून पलीकडे. म्हणजे मी बरीच पुढे होते. पाय जळत होते, पण मनातून बरं वाटलं. शेवटासाठी जोर राखावा म्हणून मी थोडी सैल पडले. आम्ही तसंच ठरवलं होतं.

फायनल गेली. थोडक्यात नाही, चांगलीच गेली.

सायकलवरून उतरले तेव्हा मला नीट श्वासही घेता येत नव्हता. "बाबा, तुम्ही पलीकडे का उभे होतात?"

"तू पुढे होतीस ना."

"नव्हते. वेळांच्या बोर्डावर बघा, मी सगळा वेळ मागेच होते."

त्यांनी बोर्डाकडे पाहिलं नाही. हातातलं घड्याळ माझ्यासमोर धरलं. मला वाटलं, ते मला खोटं पाडणार. पण ते अगदी हळू म्हणाले, "किती आहे गं ते?"

मी वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली. मग खिशातून गाडीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "जाताना तू चालव."

येताना आम्ही कसे आलो होतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी खूप सावकाश गाडी चालवली. ट्रकवाले हॉर्न देत राहिले. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते.

हॉस्पिटलात सांगितलं की उजव्या डोळ्याचं फारसं काही करता येणार नाही, आणि डावा जपायचा. लेझरची तारीख मिळाली. मी बाबांना म्हटलं, मुलांच्या वेळा मी वाचून देईन, तुम्ही शिकवत राहा.

"वेळेचं नाही गं," बाबा म्हणाले. "पोर वर चढलं आणि पडलं, तर मला ते पडल्यावर कळेल."

पुढच्या क्लासला ते माझ्याबरोबर बसने आले. भुरभुर पाऊस होता. मुलं सायकली आत ठेवत होती आणि आईबाप गाड्यांपाशी उभे होते. बाबांनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "आय कॅनॉट सी युवर चिल्ड्रन प्रॉपर्ली. सो आय स्टॉप टुडे." कुणीतरी 'सॉरी' म्हटलं, कुणीतरी 'थँक यू'. एका बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. क्लबच्या सेक्रेटरींनी पुढच्या आठवड्यात कोण शिकवणार ते सांगितलं. तेवढ्यात पाऊस वाढला आणि सगळे गाड्यांत बसले.

घरी आई भाकऱ्या थापत होती. तिने पाठमोरीच विचारलं, "काय म्हणाले लोक?"

"बरंच बोलले," बाबा म्हणाले. ओलं जॅकेट काढायला त्यांना वेळ लागत होता. "सगळी जमली होती. पोरं, आईबाप. टाळ्या वाजवल्या. किती वेळ वाजवत होते."

आई वळली. तिने बाबांकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"हो," मी म्हणाले. "खूप वेळ."