चोवीस जिन्नस आणि चार दिवस समुद्र

आमच्या कुंपणापलीकडे तीन एकरांत जेवढं काही उगवतं, रांगतं, अंडी घालतं आणि ओरडतं, त्या सगळ्याचे मालक म्हणजे थोडकेराव. हे त्यांचं खरं नाव नव्हे, ते आम्ही ठेवलंय. (आम्ही म्हणजे मीच, पण अशा वेळी 'आम्ही' म्हटलेलं बरं.) कधीही विचारा, "हे काय नवीन लावलंत?" उत्तर ठरलेलं: "थोडंसंच लावलंय." थोडासा मका, थोडासा कांदा, थोडासा वाटाणा, एक गाय, दोन शेळ्या, सहा बदकं, डझनभर कोंबड्या, मधमाश्यांची एक पेटी. सगळं थोडं थोडं. राबणं तेवढं भरपूर.

अवजारांच्या खोलीच्या दारावर या सगळ्याची खडूने लिहिलेली यादी असते. पावसाळा सरता सरता वहिनींनी, म्हणजे थोडकेरावांच्या बायकोने, त्या दारासमोर उभं राहून एकेक जिन्नस मोजला. तेवीस.

"बावीस वर्षं झाली लग्नाला," वहिनी म्हणाल्या, "आणि आपण दोघं मिळून एक रात्र बाहेर राहिलो नाही. बहिणीच्या लग्नाला मी गेले, तुम्ही गाईपाशी. तुमच्या मित्राकडे तुम्ही गेलात, मी गाईपाशी. आता बहिणीने समुद्रावर घर घेतलंय. थंडी संपायच्या आत चार दिवस जायचं. दोघांनी. यादी निम्मी करा, म्हणजे कुणाला तरी सांगून निघता येईल. नाही जमलं तर मी एकटी जाते, आणि परत कधी येणार ते विचारायचं नाही."

मी कुंपणापाशी उभा होतो. ऐकायचं म्हणून नव्हे, ऐकू येत होतं म्हणून.

थोडकेरावांनी मनावर घेतलं. पहिली फुली बदकांवर. बेकरीवाल्याने ती हौसेने नेली. आठ दिवसांत गोगलगायींना कळलं, की पोलिसांची बदली झाली. पालकाची चाळण झाली.

"बघ," थोडकेराव खुशीत म्हणाले, "बदकं काढली आणि पालक आपोआप गेला. एका दगडात दोन!"

"आणि गोगलगायी आता कोबीत शिरल्यात, त्याचं काय?"

बदकं परत आली. "गोगलगायी संपेपर्यंतच हं," असं सांगून. मागोमाग पालकही पुन्हा पेरला गेला.

मग मधमाश्यांची पेटी मास्तरांच्या परसात गेली. काकडीची फुलं नुसतीच गळायला लागली, तशी पेटीही माघारी आली. भोपळा यंदा लावायचाच नाही असं ठरलं, तर तो शेणखताच्या ढिगावर आपणहून उगवला आणि गोठ्याच्या छपरावर जाऊन बसला. "मी कुठे लावला? तो आला," थोडकेराव म्हणाले. दारी आलेल्याला हाकलणं त्यांच्या स्वभावातच नाही.

थंडी मध्यावर आली तेव्हा मी जाता जाता यादी मोजली. चोवीस. मधल्या मध्ये लसूण घुसला होता. थोडासाच.

ही बातमी वहिनींना सांगणं हा शेजारधर्म होता, तो मी पाळला. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या सरळ आत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी ओट्यावर उन्हात एक बॅग उघडून ठेवलेली दिसली. लहान. एकाच माणसाचे कपडे मावतील एवढी. थोडकेराव दिवसभर त्या बॅगेला लांबून वळसा घालत होते, जणू आत साप आहे.

शेवटी कुंपणापाशी आले. "काय करू हो? एक काढलं की तीन रडतात."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. तुमच्या जिभेला हाड नाही, असं आमची ही उगाच म्हणत नाही. "अहो, त्यात एवढं काय?" मी म्हणालो. "दोन शेळ्या आणि चार वाफे. चार दिवस कुणीही सांभाळेल, डोळे मिटून."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून वहिनींचं डोकं बाहेर आलं. "ऐकलंत? भावजी सांभाळतो म्हणाले!" पाच मिनिटांत लहान बॅग आत गेली आणि मोठी बाहेर आली.

धार काढायचं आमच्या हिने कबूल केलं, वर मला दोन शब्द सुनावून. बाकीच्या सूचना थोडकेरावांनी दारावरच लिहिल्या. पिकांप्रमाणे नाही, वेळेप्रमाणेही नाही, तर कोण कुणावर रुसतं त्याप्रमाणे. 'गाईआधी शेळ्यांना चारा देऊ नये, गाय पान्हा चोरते. आधी बदकं सोडावी, ती कोबीतून फिरून येईपर्यंत बसून राहावं, मगच कोंबड्या. वाटाण्याकडच्या फाटकाला दोरी बांधावी. नुसती कडी शेळी काढते.'

पहिल्या दिवशी मी कोंबड्या आधी सोडल्या, कारण त्या जास्त ओरडत होत्या. त्यांनी लसणाचा वाफा उकरून उलटा केला. दुसऱ्या दिवशी शेळ्यांना आधी चारा घातला, तर गाईने आमच्या हिला वाटीभर दूध देऊन तोंड फिरवलं. ("भाव दिला नाही की गाईलासुद्धा कळतं," ही म्हणाली. ते बहुधा मला होतं.) तिसऱ्या दिवशी फाटकाला कडी लावली आणि दोरी खुंटीवरच ठेवली. शेळी ती, किल्लीवाला नव्हे.

दुपारी पाहतो तर दोघी वाटाण्यात. शेंगा, पानं, वेल, सगळं साफ. आधाराच्या काटक्या तेवढ्या शिल्लक ठेवल्या होत्या. एकीला ओढतोय, दुसरी माझा सदरा चघळतेय, तेवढ्यात फोन वाजला.

"सगळं ठीक ना?" थोडकेरावांचा जीव टांगणीला. "ती शेळी का ओरडतेय?"

"आनंदाने," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

"द्या इकडे," मागून आवाज आला आणि वहिनी फोनवर आल्या. "भावजी, खरं सांगा. यांचं सकाळपासून चाललंय, आजच निघू म्हणून. उद्याचा एक दिवस राहिलाय हो. काल पहिल्यांदा पाण्यात उतरलो, तर हे घोट्यापर्यंत येऊन थांबले. उद्या गुडघ्यापर्यंत येतो म्हणालेत. तिकडे काही झालंय का?"

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. आणि ही तर वर्षातली सगळ्यात मोठी बातमी, ताजी, माझ्याच हातात, मिटक्या मारत उभी.

"काही नाही वहिनी," मी म्हणालो. "तुम्ही न्या त्यांना गुडघ्यापर्यंत."

चार दिवस पुरे करून दोघं आले. थोडकेरावांचं नाक उन्हाने सोललेलं, विजार गुडघ्यापर्यंत खाऱ्या पाण्याने पांढरी. हातातली बॅगही न ठेवता ते थेट वाटाण्याकडे गेले. काटक्यांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. मग दाराशी जाऊन त्यांनी अंगठ्याने 'वाटाणा' पुसला. थोडं थांबून 'लसूण'सुद्धा.

"बावीस!" वहिनी ओट्यावरून ओरडल्या. "जे यांना अख्ख्या थंडीत जमलं नाही, ते भावजींनी चार दिवसांत करून दाखवलं. पुढच्या वर्षी आठ दिवस जाऊ या हो. यादी आपोआप निम्मी होईल."

थोडकेरावांनी शेळ्यांकडे पाहिलं, मग वहिनींकडे.

"जाऊ," ते म्हणाले. "पण फाटकाची दोरी मी स्वतः बांधून निघणार."