एका चवळीपायी

पीक संशोधन संस्थेत तिला सगळे चवळीबाई म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. तिला त्याचा राग नव्हता. "लग्न चवळीशीच लागलंय, मग नाव तेच लावणार की," असं ती हसून म्हणायची.

शिकत असताना ती दुष्काळग्रस्तांच्या एका छावणीत कामाला गेली होती. तिथल्या मुलांना रोज चवळीच मिळायची. पोट भरायचं, पण अंग धरायचं नाही. पाय सुजलेले, केस भुरकट. चवळीच्या प्रथिनात एक घटक कमी पडतो हे तिने पुस्तकात वाचलं होतं. त्याचा अर्थ तिला तिथे कळला.

पुढे तिने काजूच्या कुळातलं एक जंगली झाड हेरलं. त्याच्या बीमध्ये तो घटक भरपूर होता. त्या प्रथिनाचं जनुक चवळीत घालण्यात तिचं तारुण्य हरितगृहातच सरलं. कधी रोपं खुरटायची, कधी शेंगाच धरायच्या नाहीत. अखेर एका हंगामात टपोरे दाणे आले आणि तपासणीत तो घटक भरपूर भरला. ॲलर्जी करणाऱ्या माहीत असलेल्या प्रथिनांशी संगणकावर ताडून पाहिलं, तर काही जुळलं नाही. शेतात पेरायची परवानगी आता हाताशी आली होती.

तरी तिच्या मनात पाल चुकचुकली. तिच्या भाचीला काजूचं वावडं होतं. लहानपणी केकचा एक तुकडा खाल्ला आणि पोरीचे ओठ सुजले, श्वास कोंडला. बहिणीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. हे जंगली झाड म्हणजे काजूचंच भाऊबंद. त्याचं बी ॲलर्जीसाठी आजवर कुणी तपासलंच नसेल, म्हणूनच संगणकावर काही जुळलं नसेल तर?

"थोडं रक्त देशील का गं?" तिने भाचीला विचारलं.

"घे की मावशी. डासांना फुकट देतेच ना!"

ज्याला एखाद्या पदार्थाचं वावडं असतं, त्याच्या रक्तात त्या पदार्थाला ओळखून धरणारे पहारेकरी असतात. भाचीच्या पहारेकऱ्यांनी साध्या चवळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नव्या चवळीचं प्रथिन मात्र घट्ट पकडलं. तिने चाचणी पुन्हा केली. काजूचं वावडं असलेल्या दुसऱ्या रुग्णांचं रक्त मागवून केली. उत्तर तेच आलं.

संचालकांनी निकालाचे कागद वाचून बाजूला ठेवले. मग म्हणाले, "चवळी तर गेलीच. पण हे बाहेर पडलं की सुक्याबरोबर ओलंही जळेल."

"आणि लपवलं, नि एखादं मूल दगावलं तर?"

"लपव म्हणतोय का मी? काय होईल ते सांगतोय."

तिने सगळं जाहीर केलं. रोपं स्वतःच्या हातांनी उपटली, बी वाफेच्या भट्टीत घातलं. वर्तमानपत्रांत ‘प्रयोगशाळेत पिकलं विष’ असा मथळा आला, फाटकावर मोर्चे आले, आणि जनुकबदलाची सगळीच कामं बंद झाली. शेजारच्या खोलीत तिच्या मैत्रिणीची पपई होती. बागाच्या बागा संपवणाऱ्या विषाणूसमोर ती टिकली होती, सगळ्या चाचण्यांत उतरली होती. तीही तोडली.

"तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही," मैत्रीण सामान बांधताना म्हणाली. "पण यापुढे माझ्याशी बोलू नकोस."

मोर्चाचा पुढारी कौतुक करायला घरी आला. "बाई, तुम्ही आमचे डोळे उघडलेत. असलं अन्न सगळंच घातक."

"सगळं नाही हो. ही चवळी घातक होती, म्हणूनच ती चाचणीत सापडली. पपईत काहीच वावगं नव्हतं. एकेक पीक तपासूनच ठरवावं लागतं."

त्याने मान डोलावली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात तिचं म्हणून त्याने एवढंच सांगितलं: ही चवळी घातक होती. तिने खुलासा पाठवला. तो कुणी छापला नाही.

तिला माती तपासायच्या खोलीत बसवलं. काम सोपं होतं, बोलायला कुणी नव्हतं. एकदा भाची आली आणि दारातच म्हणाली, "मावशी, माझ्या रक्तानेच तुझं सगळं गेलं ना?"

"वेडी का तू? तुझ्यासारखी कितीतरी जणं वाचली."

बोलणं खरं होतं, पण तिच्या आवाजात जीव नव्हता, आणि तो नाही हे भाचीला कळलं. तिचं येणं हळूहळू कमी झालं. आता कधीतरी फोन येतो. दोघी तब्येतीची विचारपूस करतात आणि फोन ठेवतात.