योसेफाचे भाऊ आणि शेवंता काकी

चार बायका, तीन शिलाई मशीन आणि एक खोली. किस्से साठायला आणखी काय लागतं? महाडच्या बाजारपेठेमागे माझा शिवणक्लास आहे. दुपारी तिथे हात चालतात आणि तोंडं त्याहून जोरात चालतात! मी ख्रिस्ती. माझे वडील शाळामास्तर होते, त्यांच्या तोंडून ऐकून बायबलातल्या गोष्टी मला पाठ झालेल्या. पावसाळ्यात लाइट गेली की मी त्यातली एखादी सांगते. सावित्री नदीचं पाणी चढायला लागलं की कुणाचं लक्ष शिवणात नसतं, सगळ्यांचे कान पुराच्या भोंग्याकडे. अशा वेळी गोष्ट बरी पडते. निदान मला तरी तसं वाटायचं.

*

पहिली सांगितली ईयोबाची. सज्जन माणूस. गुरंढोरं गेली, घर कोसळून मुलं गेली, अंगभर फोड आले. तरी देवाला एक वाकडा शब्द बोलला नाही. शेवटी देवानं सगळं परत दिलं, नवी मुलंसुद्धा झाली!

"याला म्हणतात धीर," मी म्हटलं.

रेखा नाते गावची. लग्न होऊन थोडेच दिवस झालेले, नवरा मुंबईला, घरी ती आणि सासू. काजं करता करता ती थांबली.

"बाई, ती नवी पोरं जन्माला कुणी घातली?"

"त्याच्या बायकोनंच की."

"मग धीर कुणाचा?"

तेवढ्यात भोंगा झाला आणि आम्ही मशीनं माळ्यावर चढवायला धावलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या भोंग्यामुळे माझी सुटका झाली!

*

शेवंता काकी पोलादपूरकडच्या कापडे गावची. साठी उलटलेली. हातानं गोधड्या शिवून कंटाळली, म्हणून मशीन शिकायला एसटीनं यायची.

एकदा मी याकोबाची गोष्ट सांगत होते. आंधळा बाप थोरल्या मुलाला, एसावाला, आशीर्वाद देणार होता. थोरला अंगानं केसाळ. म्हणून आईनं धाकट्या याकोबाच्या हातांना करडाची कातडी बांधली आणि त्याला पुढे केलं. बाप फसला, आशीर्वाद धाकट्याला गेला.

रेखा खो खो हसली. काकी हसली नाही.

"मग थोरला काय म्हनला?"

"म्हणाला, बाप एकदा जाऊ दे, मग भावाला ठारच मारतो."

काकीच्या मशीनची सुई तटकन मोडली.

"कापड जाड असेल," मी म्हटलं.

मलमल होतं!

*

रूथची गोष्ट मात्र गोड. नवरा मेल्यावरही सुनेनं सासूला सोडलं नाही. 'तू जाशील तिथे मी येईन, तू मरशील तिथे मी मरेन,' असं म्हणाली. रेखाला ती इतकी आवडली की घरी जाऊन तिनं सासूचा हात धरला आणि तेच वाक्य म्हटलं.

सासूची पाचावर धारण बसली! मुलगा-सून मिळून आपल्याला कुठे तरी नेऊन सोडणार, अशी तिची खात्रीच झाली. दुसऱ्या दिवशी क्लासच्या दारात रिक्षा थांबली.

"माज्या सुनेला काय शिकवतासा तुमी? रातभर डोला नाय लागला माजा. मरनाचं बोलते पोरगी!"

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, गोष्ट पहिल्यापासून सांगितली. त्यांनी डोळे पुसले, पदर नीट केला आणि रेखाकडे बघून म्हणाल्या, "बघ. सासूनं वलन लावलं म्हनून सून तशी निघाली!"

*

पण गोष्ट बाहेर पोचली होती. एका दुपारी दोन अनोळखी माणसं दारात येऊन उभी राहिली. चपला काढल्या नाहीत.

"इथं बायकांना जमवून काय चालतं?"

माझ्या हातातली टेप घसरून खाली पडली. धर्मांतराचा संशय आला की कुणाचं काय काय होतं, ते आपण मोबाइलवर बघतोच.

काकी उठली आणि त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"ब्लाऊजला अस्तर लावतो. छत्तीसचं हाय. तुमाला शिकायचं हाय काय?"

ते गेले. काकी खाली बसली आणि तिनं अस्तर उलटंच जोडलं. मी उसवायला घेतलं, तर ब्लाऊजच फाडला!

*

मग एकदा पोलादपूरच्या रस्त्यावर दरड आली, एसटी बंद. काकी माझ्याकडेच राहिली. संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "सांगा एक गोष्ट."

मी योसेफाची काढली. भावांनी त्याला खड्ड्यात टाकलं, त्याचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवला आणि बापापुढे धरला. 'बघा, तुमच्या पोराचाच आहे का?'

काकीचा हात परातीत थांबला. "बापानं इचारलं नाय, पोर कुटं टाकलात?"

"नाही."

"भ्याला असंल."

आणि मग तिनं सांगितलं. तिला दोन मुलगे, दोघेही मुंबईला. थोरला सुभाष, धाकटा संतोष. गेल्या वर्षीच्या शिमग्यानंतर संतोषचा फोन नाही, पत्ता नाही. सुभाष एवढंच म्हणायचा, "गेला तो. त्याचं नाव काढू नको."

"अहो, मग खोदून विचारा ना त्याला!"

काकीनं माझ्याकडे बघितलं. "आन् त्यानं खरं सांगितलं तर?"

भाकरी करपली. पुढची गोष्ट काही मला सांगवली नाही.

*

गणपतीला सुभाष गावी आला. आईला तालुक्याला नेऊन घर आणि भाताचं शेत आपल्या नावावर करून घ्यायचं, असा बेत. तिला न्यायला तो क्लासमध्ये आला. काकी जागची हलली नाही.

"बस जरा. बाई गोष्ट सांगतात. योसेफाची सांगा, बाई."

सुभाष आडदांड माणूस. त्याच्या डोळ्यांत बघायची माझी छाती होईना, म्हणून मी भिंतीकडे बघत सांगत राहिले. भावांचा हेवा. खड्डा. रक्तानं भरलेला झगा. म्हातारा बाप. तिथे येऊन मी थांबले.

सुभाषनं मान खाली घातली होती. तो पुटपुटला, "मग... त्यानं माफ केलं का भावांना?"

काकी ताडकन उभी राहिली. "म्हंजे जित्ता हाय?"

काकीनं दोन्ही हातांनी त्याच्या शर्टाची कॉलर धरली. "सांग रे! जित्ता हाय?"

"हाय गो आये, हाय! पनवेलला हाय. गाडी चालवतो."

तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. संतोषनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं होतं. घर आणि शेत एकट्याला मिळेल म्हणून सुभाषनं त्याला सांगितलं, 'आई लई चिडलीय. तू दारात आलास किंवा फोन जरी केलास, तर फवारणीचं औषध पिईन म्हणते.' आणि वर आईच्या मोबाइलचं सिमही त्यानंच बदलून टाकलं.

"लाव फोन," काकी म्हणाली.

सुभाषनं स्वतःच्या फोनवरून नंबर लावला, स्पीकर सुरू केला. रिंग वाजली. पलीकडून आवाज आला, "हां, बोल दादा."

काकी फोनवर वाकली. म्हणाली, "संतोष..."

तो ओरडलाच, "आये! मी नाय आलो गो! कापड्यात पाय पन नाय टाकला मी! तू ती बाटली खाली ठेव!"