बाबांचा टॉवर

बाबा मला शेवटचं म्हणाले ते एवढंच, "स्टँडबाय." मग फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला आणि मी गप्प बसून राहिले. विमानतळावरच्या टॉवरनं असं म्हटलं की वैमानिकानं उत्तर द्यायचं नसतं, पुन्हा हाक येईपर्यंत थांबायचं. हा नियम बाबांनीच माझ्याकडून घोटून घेतला होता. वाटलं, पाणी प्यायला उठले असतील... पुढचा आवाज आला तो माझ्या भावाचा. "ताई, बाबा खाली पडले वं. बोलून नाही राह्यले."

बुलढाण्याच्या बसस्थानकावर बाबांनी उभा जन्म माइकवरून गाड्या पुकारण्यात घालवला. मी विमान शिकायला निघाले तेव्हा उंद्रीची आत्या म्हणाली होती, "सायकलवरून पडते हे पोरगी, इमान काऊन चालवते?" बाबा मात्र हरखून गेले होते. हवामान, नकाशे, नियम हे सगळं मी पाठ करायची, पण रेडिओ म्हटलं की माझी दातखीळ बसायची. बोलणं इंग्रजी, तेही भराभर, आणि बोलणारा दिसत नाही! सुट्टीत बाबांनी त्यावर उपाय काढला. ओसरीवर दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडल्या, माझं पुस्तक मांडीवर घेतलं, स्टीलचा पेला तोंडाशी धरला आणि ते टॉवर झाले. एकदा सवयीनं विमानालाच "फलाट क्रमांक दोनवर लागत आहे" म्हणाले, तेव्हा आम्ही दोघं पोट धरधरून हसलो.

टॉवरची सूचना वैमानिकानं जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची असते. मी होकारादाखल नुसतं "हाव" म्हटलं की पेल्यातून आवाज यायचा, "हाव नाही चालत, पोरी. मी काय सांगतलं ते पुरं म्हन." पुढं घरात तेच खूळ. आईनं कोथिंबीर आणायला सांगितली की बाबा "कोथिंबीर आनतो, एक जुडी" असं म्हणूनच पिशवी उचलत. आई कपाळावर हात मारून घ्यायची. मी परत गेल्यावर हाच सराव फोनवर चालू राहिला. "तू एकटी उडशीन त्या दिवशी मी पुकारून पुकारून पेढे वाटतो," म्हणायचे.

डॉक्टर म्हणाले, कोणी लगेच धावून गेलं असतं तरी उपयोग नव्हता. ते मला पटत नाही.

मी पुन्हा शिकायला गेले. विमानात सर शेजारी असतात, टॉवरचा आवाज कानात येतो आणि मी नुसती थांबून राहते. उत्तर सरच देतात. "हे जमल्याशिवाय एकटीला सोडता येणार नाही," त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यांचं चुकत नाही. ज्या दिवसासाठी बाबांनी जिवाचं रान केलं, तो दिवस आता बाबांमुळेच येत नाही. राग येतो मला त्यांचा... मग आणखीच रडू येतं.

सध्या मी घरी आहे. खुर्च्या आईनं हलवलेल्या नाहीत. काल माझ्या खुर्चीत बसून टॉवरला हाक मारली. बाबा टेकले की माझी खुर्ची जराशी हलायची. ती हलली नाही. तरी थांबले.

आई दारात आली. "काय करून राह्यली वं?"

"थांबून राह्यली."

ती आत वळली. आतून पेला घेऊन आली आणि बाबांच्या खुर्चीत बसली. माझी खुर्ची हलली.

"मले त्याइचं ते येत नाही, माय," पाठीमागून आवाज आला. "तू नुसतं हाव म्हन."

मला तेवढंही म्हणता आलं नाही.