विम्याची गाडी आणि चालणारी गाडी

माझे काका गाड्यांच्या सीट शिवतात. घराच्या तळमजल्यावरच्या लांबट खोलीत त्यांचं काम चालतं. एका भिंतीला जाड कापडाचे ताके, मधोमध काळं शिलाई मशीन, कोपऱ्यात काथ्या, फोम आणि उसवलेल्या स्प्रिंगांचा ढीग. बसच्या, सिनेमागृहाच्या सीट, एकदा तर दातांच्या डॉक्टरांची खुर्चीही त्यांच्या हाताखालून गेली आहे. सगळे त्यांना गादीकाका म्हणतात. माणूस ओळखायचा तर पाठीवरून, असा त्यांचा शिरस्ता. रस्त्यात कुणी हसलं की ते गोंधळतात, आणि तो माणूस पुढे गेला की वळून बघून म्हणतात, "अरेच्चा, हे तर पोस्टातले."

त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मात्र एकच सीट आहे, आणि ती काकूची आहे.

काकू ग्रंथालयात होती. एक दिवस शिडीवरून पडली आणि तिच्या पाठीनं असहकार पुकारला. तिला चालता यायचं, झोपता यायचं, फक्त बसता येत नव्हतं. ती उभ्यानं जेवायची, उभ्यानं वर्तमानपत्र वाचायची, आणि तिच्यासमोर आपण बसायचं कसं म्हणून आम्हीही उभे राहायचो. काकांनी घरातली प्रत्येक खुर्ची उसवून पाहिली. काही जमलं नाही. दवाखान्यातून येताना काकांच्या गाडीत चालकाशेजारी बसल्यावर जरा कमी दुखलं, असं काकू एकदा सहज म्हणाली, आणि काका त्या एका वाक्यावर पुढचे कित्येक महिने जगले. सीट उसवायची, भरायची, काकूला बसवायचं, ती म्हणायची डावीकडे जरा चढ वाटतोय, की पुन्हा उसवायची. शेवटी एका संध्याकाळी ती बसली आणि काहीच बोलली नाही. काका खिडकीशी वाट बघत उभे राहिले. वाकून पाहिलं तर तिला झोप लागली होती.

मग तीच सीट काढून घरात आणायचा प्रयोगही झाला. काकू बसली आणि लगेच उठली. म्हणाली, समोर काच नसली की पाठ टेकवत नाही. सीट गाडीत परत गेली, आणि घराची बैठकीची खोली अंगणात गेली.

तेव्हापासून ती दोघं संध्याकाळी गाडीत बसत. काकू भाजी निवडायची, काका दोरा ओवायचे. पाहुणे आले की त्यांना मागच्या सीटवर बसवत. चहा पुढून मागे दिला जायचा. पाहुण्यांना दोन डोकी आणि आरशात काकूचे डोळे एवढंच दिसायचं. पण लोक त्यालाही सरावले. एका लग्नाची बोलणी त्या गाडीत झाली आणि मोडलीही त्याच गाडीत. मुलाकडचे आणि मुलीकडचे दोघेही मागच्याच सीटवर, गुडघ्याला गुडघा लावून. रागावून उठून जायचं तर दार शेजारच्याच्या बाजूला होतं.

हे असंच चाललं असतं. पण काकूच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या ताईचं, समुद्राकाठचं घर विकलं गेलं. उन्हाळी हंगाम संपला की ताबा द्यायचा होता. दोघी बहिणी त्या घरात लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. काकूला एकदा, फक्त एकदा, त्या अंगणात बसून समुद्र बघायचा होता. बसून. ताईनं फोनवर सुचवलं की ये आणि उभी राहून बघ, तर काकूनं फोन ठेवून दिला.

काकांनी गाडी पुसली, हवा भरली, किल्ली फिरवली. इंजिनानं मान टाकली होती. मेकॅनिक आला, झाकण उघडून आत बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "काका, आता यात बसाच. चालवू नका."

काका डगमगले नाहीत. दातांच्या डॉक्टरांना त्यांची मोठी गाडी काढून टाकायची होती. दवाखान्यातल्या सगळ्या खुर्च्या नव्यानं शिवून देण्याच्या बोलीवर ती काकांना स्वस्तात मिळाली. जुन्या गाडीतली काकूची सीट त्यांनी नव्या गाडीत बसवली. काकू बसली, समोरच्या काचेकडे पाहिलं आणि म्हणाली, "काच मोठी आहे. चालेल." मग आम्ही विम्याच्या कार्यालयात गेलो. मला बरोबर घेतलं, कारण घरात सगळ्यात जास्त शिकलेली मी होते. काय शिकले याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

खिडकीपलीकडच्या बाईंचा चष्मा कपाळावर होता आणि त्या तोच शोधत होत्या. काकांनी सांगितलं की पॉलिसी आहे तीच ठेवायची, फक्त गाडीचा नंबर तेवढा बदलून घ्या.

"म्हणजे गाडी बदलली," बाई म्हणाल्या.

"गाडी नाही बदलली. सीट तीच आहे."

काका चेष्टा करत नव्हते. त्यांच्या कामात कापड बदलतात, लाकूड बदलतात, पाय बदलतात. बसण्याची जागा तीच राहिली तर गिऱ्हाईक म्हणतं, माझीच खुर्ची. गाडीही त्यांच्या लेखी तशीच होती: एक सीट आणि तिच्या भोवतीचं खोकं. खोकं बदललं होतं. बाईंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा सापडल्यावर नाकावर चढवला, आणि हिशेब मांडला. पॉलिसीची निम्मी मुदत अजून उरली होती. मधेच गाडी बदलायची तर बदलाची फी. नवी गाडी मोठी, म्हणून उरलेल्या महिन्यांचा फरक. जुनी पॉलिसी रद्द करून दुसरी काढायची तर भरलेल्यातलं हाती येणार ते चहापाण्यापुरतं. आणि सीट तीच आहे हे काकांनी स्वतःच सांगितल्यामुळे आणखी एक रक्कम, कारण ती सीट त्या गाडीच्या कंपनीनं बसवलेली नव्हती.

बेरीज गाडीच्या किमतीच्या आसपास गेली. काकांनी ती दोनदा वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. मी वर पंख्याकडे पाहिलं.

"पॉलिसी संपेपर्यंत थांबलात तर यातलं काही लागणार नाही," बाई म्हणाल्या. त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं. "सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे."

ताईच्या घराचा ताबा तीन महिन्यांवर होता.

काकांनी विचारलं, मग जुन्या गाडीचा विमा आत्ता नेमका कशाचा आहे? ती तर जागची हलत नाही. बाई म्हणाल्या, असं कसं, पुष्कळ गोष्टींचा आहे. चोरी, आग, झाड पडणं. शिवाय गाडी बंद पडली तर ओढून नेण्याची सोय आहे, फुकट.

"कुठे नेणार?"

"तुम्ही सांगाल तिथे."

काका खुर्चीत जरा पुढे सरकले. "लांब असलं तरी?"

"लांब असलं तरी. मात्र एकदा बंद पडली की एकदाच. परत न्यायची तर परत बंद पडायला हवी." आणि नियम पुरता कळावा म्हणून त्यांनी पुढे सांगितलं, "त्यासाठी मधे ती चाललेली असली पाहिजे. थोडी का होईना."

घरी आल्यावर काकांनी पान्हा घेतला आणि काकूची सीट नव्या गाडीतून काढून जुन्या गाडीत बसवायला लागले. काकू दारात उभी राहून बघत होती. शेवटी तिनं विचारलं, "अहो, जिला विमा आहे ती चालत नाही आणि जी चालते तिला विमा नाही. हे कळलं मला. पण मी कुठे बसायचं आहे?"

"विम्यात," काका म्हणाले.

ठरल्या दिवशी जुनी गाडी ताईकडे न्यायला विम्याचा ट्रक आला. ट्रकवाला भला माणूस होता, पण नियमाचा पक्का. गाडी वर चढवली, साखळ्या आवळल्या, आणि काकू गाडीकडे निघाली तसा तो आडवा आला. वर चढवलेल्या गाडीत माणूस बसवता येत नाही. त्याच्या शेजारी केबिनमध्ये दोघांना जागा होती. काकूनं केबिनमधली सीट हातानं दाबून पाहिली आणि हात मागे घेतला.

काकांनी पान्हा काढला. ट्रकवाल्यानं कपाळाला हात लावला, पण अडवलं नाही. त्याच्या शेजारचं बाक निघालं आणि तिथे काकूची सीट बसली. भोकं जुळत नव्हती म्हणून एक पट्टी ठोकावी लागली. बाक जुन्या गाडीत, सीटच्या जागी ठेवलं. काका मधल्या चिंचोळ्या जागेत गिअरला गुडघे लावून बसले. काकू उंचावर, मोठ्या काचेसमोर. रस्ताभर ती फक्त एकदा बोलली. ट्रकवाल्याला म्हणाली, "तुमची पाठ उजवीकडे झुकते. सवय आहे की दुखणं?" त्यानं दुखणं म्हणून सांगितलं. काकांनी लगेच मागे रेलून त्याची पाठ नीट बघून घेतली.

दुपारी ताईच्या अंगणात गाडी उतरली. अंगणापासून वाळूपर्यंत एक सौम्य उतार आहे. सीट परत गाडीत गेली, ट्रकवाल्याचं बाक परत ट्रकमध्ये, आणि काकू समुद्राकडे तोंड करून बसली. ताई मागच्या सीटवर. पहिल्या दिवशी ती भांडली, की माझ्याच घरात मला तुझं डोकं बघायला बोलावलंस का? दुसऱ्या दिवशी ती उशी घेऊन आली. मी सुट्टीत गेले तेव्हा दोघी काचा खाली करून तासन्‌तास बसलेल्या असत, कधी बोलत, कधी नाही. काका ताईच्या जुन्या खुर्च्या उसवत बसत. घर विकून टाकलंय, मग खुर्च्या का शिवताय असं मी विचारलं, तर म्हणाले, घर विकलंय, खुर्च्या नाहीत.

हंगाम संपला. उद्या नवीन मालक येणार होते. तिकडे घरी डॉक्टरांची गाडी अंगणात पांघरूण घेऊन पॉलिसी संपायची वाट बघत उभी होती. इकडे या गाडीला परत जायचं तर बंद पडायला हवं होतं, आणि बंद पडायला चालायला हवं होतं.

काकांनी उताराचा अंदाज घेतला. चाकाखालचे दगड काढले. म्हणाले, काकूनं उतरावं, मी एकटा सोडतो, वाळूत आपोआप थांबेल.

"मी नाही उतरणार," काकू म्हणाली.

"अगं, धक्का बसेल पाठीला."

"ही गाडी सुरू असताना मी तिच्यात शेवटची कधी बसले ते मला आठवत नाही. चला."

ताईही उतरली नाही. मी तिच्या शेजारी मागे बसले. काका स्टिअरिंगसमोर बसले, काच पुसली, आरसा नीट केला, त्यात आम्हा दोघींकडे पाहिलं आणि हँडब्रेक सोडला.

आधी काहीच झालं नाही. मग अंगणातला नळ खिडकीतून मागे गेला. मग कुंपणाचा खांब. इंजिनाचा आवाज नव्हता, फक्त चाकाखाली वाळक्या काटक्या मोडत होत्या. समुद्र काचेत हळूहळू मोठा होत गेला. काका दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, भर रहदारीत असल्यासारखे समोर बघत होते. ताईनं पुढच्या सीटवरून हात टाकून काकूचा खांदा धरला. मग चाकं वाळूत शिरली, गाडी एकदा कुशीवर वळल्यासारखी झुकली आणि थांबली.

काकांनी खिशातून फोन काढला. गाडी चालता चालता बंद पडली आहे, हे आता अगदी खरं होतं.

काकूनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. ती समोर बघत होती, आणि तिची पाठ सीटला पूर्ण टेकली होती.

"थांबा जरा," ती म्हणाली. "अजून चालतेय असं वाटतंय."

काकांनी फोन खिशात ठेवला आणि हात परत स्टिअरिंगवर नेले.