चटणीशिवाय एक चीला

तांदळाच्या पिठाचा चीला तव्यावर पडला की त्याच्या वासाने मला एका दवाखान्याचा व्हरांडा आठवतो. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. डायलिसिसच्या डॉक्टरांनी, किडनी बदलता येईल का हे तपासायला, मला मोठ्या दवाखान्यात पाठवलं आणि सांगितलं, किडनी कोणी देणार असेल तर त्याला उपाशीपोटी सोबत न्या. गुढियारीच्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, ही गोष्ट घरोघरी पसरली. सकाळी बहिणीला घेऊन पोचलो, तर बाकांवर अर्धा पारा उपाशी बसलेला. टोकाला आमचा शेजारी होता. नळाच्या पाण्यावरून आमचं बोलणं कधीचंच बंद झालं होतं. बहिणीने विचारलं, "भाऊ, तुम्ही काहून आले?" माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "ताई, तुमच्या भावाशी मी बोलत नाही. पण माही किडनी जमत असंन तर घेऊन घ्या म्हणा." जवळच्या नातेवाइकाचीच किडनी घेता येते, असं तिथल्या डॉक्टरांनी समजावलं, तेव्हा सगळे हिरमुसले. मग शेजाऱ्याच्या बायकोने डबा उघडला. चिल्यांवर टमाट्याची चटणी होती आणि किडनीच्या पथ्यामुळे ती मला बंद होती. शेजाऱ्याने खालचा एक कोरा चीला काढून मुकाट्याने माझ्यापुढे सरकवला. त्या दिवसांत मला अन्न जात नसे, पण तो मी सगळा खाल्ला. पुढे बहिणीची किडनी मला बसली, आता मी चटणीही खातो. नळावरून आमची भांडणं अजून होतात, फक्त आता आम्ही बोलून भांडतो.