खिशातलं मीठ

आमचे हे पोलाद कारखान्याच्या भट्टीवर होते तेव्हा त्यांच्या घामानं भर उन्हाळ्यात शिवनाथ नदीला पूर यायचा. खोटं वाटत असेल तर दुर्गच्या जुन्या माणसांना विचारा; तेही माझ्याइतकंच खरं बोलतात. भट्टीपुढं घामावाटे मीठ जाऊन माणूस चक्कर येऊन पडतो, म्हणून कारखान्यात मिठाच्या गोळ्या मिळत. पाठीवर मीठ असं वाळायचं की ह्यांचा शर्ट खुंटीशिवाय उभा राहायचा.

मग तपासणीत ब्लडप्रेशर निघालं. दाब गुपचूप काम करतो, डॉक्टर मला म्हणाले. रक्तवाहिन्या कडक होतात, रक्त ढकलून ढकलून हृदय जाड होतं आणि एक दिवस थकतं. ह्यांच्या मूत्रपिंडाला तर झळ लागलीच होती. ह्यांना भट्टीवरून काढून स्टोअरच्या सावलीत बसवलं, रोजचं औषध दिलं आणि मीठ तोडलं.

मी मिठाची बरणी शेजारणीकडे नेऊन ठेवली. तरी पुढच्या तपासणीत दाब तेवढाच. आणि मग धुवायच्या शर्टाच्या खिशात सापडल्या मिठाच्या गोळ्या. भट्टीवरच्या सोबत्यांकडून मागून हे चण्यासारख्या खात होते.

"अवो, हे काय होय?"

"मीठ सोडलं का माणूस पडते. म्या पाह्यले पडलेले."

"ते भट्टीपुढं. स्टोअरात कोणता घाम येऊन राहिला तुमाले?"

"पण मले काही दुखत नाही ना."

"भट्टीवर प्रेशरचा काटा लाल रेघेवर गेला, तं भट्टी बोंबलत होती काय?"

"नाही. काट्याकडंच पाहा लागे."

"मंग? भट्टी फुटली तं सरकार दुसरी बांधते. मले दुसरा कोण देईन?"

ते उठले, गोळ्या मोरीत टाकल्या आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. मी ताटं वाढली. दोघांच्याही ताटात तीच बिनमिठाची अंबाडीची भाजी. अशी, की दारची गाय वास घेऊन पार सुपेल्याच्या बाजारापर्यंत पळाली असती. ह्यांनी ताट बोटानं पुसून खाल्लं.

"आज मीठ बरोबर पडलं," म्हणाले.

"मले तं चिमूटभर जास्तच लागलं," मी म्हटलं, आणि त्यांना आणखी वाढलं.